पाणाडी पोर आणि पीजेची गाडी

'स्टार वॉर्स: व्हिजन्स' ही 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या गोष्टींच्या विश्वावर बेतलेली अॅनिमेशन मालिका, पण सलग गोष्ट सांगणारी नाही. प्रत्येक भाग वेगळा, त्यातली माणसं वेगळी, करणारा स्टुडिओही वेगळा. २०२१ मध्ये आलेला पहिला खंड सगळा जपानी स्टुडिओंचा होता. ४ मे २०२३ ला दुसरा खंड आला, त्यात आयर्लंड, चिली, फ्रान्स, कोरिया, दक्षिण आफ्रिका अशा देशोदेशीच्या मंडळींनी काम केलं होतं, आणि सातवा भाग आपल्या मुंबईत तयार झालेला होता. नाव 'द बँडिट्स ऑफ गोलक', म्हणजे गोलकचे दरोडेखोर. स्टुडिओ ८८ पिक्चर्स, दिग्दर्शक ईशान शुक्ला. मी पाचोऱ्यात लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करतो. या भागाच्या नादानं मी पाच मिनिटांची अॅनिमेशन फिल्म करायला घेतली आणि ती आता बरीचशी पुरी झाली आहे. खान्देशात बसून हे काम होतं का, असं आमच्याकडची चित्रं काढणारी पोरं मला विचारतात. होतं. कसं होतं ते लिहितो.

आधी त्या भागाबद्दल. चारुक आणि राणी हे भाऊबहीण. राणी लहान आहे, आणि तिच्यात या विश्वात जिला 'फोर्स' म्हणतात ती शक्ती आहे. तिथे सत्तेवर असलेल्या जुलमी साम्राज्याच्या अमलात अशा मुलांना हुडकून काढायला इन्क्विझिटर नावाचे शिकारी फिरत असतात. म्हणून भाऊ बहिणीला घेऊन गाव सोडतो आणि आगगाडीत बसतो. पुढे दोघं एका ढाब्यावर पोचतात. ढाबा चालवणारी म्हातारी, रुगल, ही खरं म्हणजे लपून राहिलेली जेडाय, म्हणजे फोर्सच्या बळावर लढणारी योद्धा, आहे. इन्क्विझिटर तिथे येऊन धडकतो, झुंज होते, आणि शेवटी राणी रुगलबरोबर सुरक्षित ठिकाणी जायला निघते. चारुक मागे राहतो, दरोडेखोरांच्यात.

मला पहिल्यांदा धरून ठेवलं ते आगगाडीनं. या विश्वात एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जायला यानं आहेत, आणि तरी दिग्दर्शकानं पळून जाणाऱ्या दोन पोरांना गाडीच्या डब्यात बसवलं. डब्यातून मधेच उतरता येत नाही. अनोळखी माणसांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. तपासणी डब्याच्या एका टोकाकडून येते आणि ती आपल्यापर्यंत पोचायला किती बाकं उरली आहेत ते दिसत राहतं. भीती दाखवायला यापेक्षा चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. आणि गाडी मला ठाऊक होती. पाचोरा ते जामनेर, छप्पन्न किलोमीटर, अडीच फुटी रूळ. सगळे तिला पीजे म्हणायचे. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत ती जायची. लॉकडाउनच्या वर्षी बंद झाली, आता तिथे रुंद रूळ येताहेत. माझं अर्धं लहानपण तिच्या खिडकीच्या गजांना नाक लावून गेलं.

भाग आवडला की बहुतेक जण परत बघतात. मी तो थांबवत थांबवत पाहिला. शंभर पानी वही घेतली, दर पानावर सहा चौकटी आखल्या, आणि प्रत्येक शॉट बदलला की भाग थांबवून त्याचं काडेपेटीएवढं चित्र काढलं. नाकडोळे काढायचे नाहीत. कॅमेरा कुठे आहे, चौकटीत कोण मोठं आहे, उजेड कुठून येतो, आणि शॉट किती सेकंद टिकला, एवढंच. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण एखादी गोष्ट कशी रचली आहे हे समजायला याच्यासारखी शिकवणी नाही. नुसतं बघताना मारामारी लक्षात राहते. वहीत उतरवल्यावर कळतं की मारामारीच्या आधी दिग्दर्शकानं आपल्याला त्या दोघांच्या नात्यात किती खोल नेऊन ठेवलं आहे, आणि त्या जिवावरच पुढची झुंज उभी आहे. मधे गावची आठवण येते, ती सुद्धा रडवायला आणलेली नाही. घरून निघाले म्हणजे नेमकं काय सुटलं, ते आपल्याला कळायला हवं म्हणून ती आहे.

ढाब्याची चित्रं काढताना मी फार रेंगाळलो. रंग, गर्दी, आवाज यांची तिथे रेलचेल आहे, आणि तरी ती जागा कुणी सजवून ठेवली आहे असं वाटत नाही, वापरातली वाटते. हे फार अवघड असतं. आपल्याकडचं काही दाखवायचं म्हटलं की लोक फेटा, तुतारी आणि रांगोळी आणतात आणि काम झालं समजतात. पूर्वी मी एका क्लासला जायचो. तिथल्या सरांचं म्हणणं होतं की जागतिक दिसायचं तर गाव गाळून टाक. या भागात तसं काही गाळलेलं नाही. पात्रं इंग्रजीत बोलतात, पण बोलण्याची ढब आपल्याकडची आहे. राणीला आवाज सोनल कौशल यांचा आहे, ज्यांना आपली पोरं डोरेमॉन आणि छोटा भीमचा आवाज म्हणून ओळखतात. रुगलचा आवाज लिलेट दुबे यांचा. संगीत स्नेहा खानवलकर यांचं. प्रत्येक खात्यात जाणती माणसं बसवलेली आहेत.

एकच गोष्ट मला अपुरी वाटली, ती स्पष्ट लिहितो. नावात दरोडेखोर आहेत, पण त्यांच्याबद्दल मला अजून हवं होतं. ते कोण, कुणाचं लुटतात, लुटलेलं कुठे जातं? आमच्या मुलखात हे प्रश्न विचारल्याशिवाय दरोडेखोर हा शब्द पुढे सरकत नाही. सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटणारा, इंग्रजांविरुद्ध उठलेला भिल्ल नायक खाज्या नाईक इंग्रजांच्या दप्तरी दरोडेखोरच होता. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. त्यात डॉ. उत्तमराव पाटील होते, सातारा-सांगलीकडून आलेले जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते. तो पैसा स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी होता. आमच्याकडे हा प्रसंग घरातल्या माणसानं केल्यासारखा सांगतात. मोटार कशी अडवली, कोण कुठे उभं होतं, इथपर्यंत. चारुक दरोडेखोरांबरोबर थांबतो तेव्हा मला चिमठाणं आठवलं, आणि माझी गोष्ट तिथून सुरू झाली.

माझ्या गोष्टीत गिरणा नदी कायमची आटली आहे. सत्तेत असलेले लोक कर म्हणून पाणी नेतात. छोट्या गाडीला पाण्याच्या टाक्या जोडलेल्या असतात आणि ती गाडी रुळावरून न धावता कोरड्या पात्रावर हातभर उंचीवरून तरंगत जाते. गावात एक मुलगी आहे, जिच्या तळव्याला जमिनीखालचं पाणी कळतं. ही कल्पना मी आकाशातून आणली नाही. बोअर मारायच्या आधी पाणाड्याला बोलावणं हे आमच्या शिवारात आजही चालतं. तळहातावर नारळ ठेवून किंवा बेचकीची काडी धरून तो वावरात फिरतो आणि सगळं घर त्याच्यामागून मुकाट चालतं. पाणी लागतं की नाही तो वाद निराळा. मला हवी होती ती त्या चालण्यातली आशा. अशा पाणाड्या पोरांना सत्तेचे लोक पळवून नेतात, म्हणून भाऊ तिला त्याच पाण्याच्या गाडीत लपवून पाठवून देतो आणि स्वतः गाडी लुटणाऱ्यांच्यात सामील होतो. भावाबहिणीची ताटातूट मी गोलककडून घेतली आहे, ते ऋण फिल्मच्या शेवटी लिहिलं आहे.

कच्च्या चित्रांची मालिका लावून मी ती घरी दाखवली. मोठ्या मायनं, म्हणजे माझ्या आजीनं, सगळं पाहून एकच विचारलं, "पोर एकलीच गयी का रे भाऊ?" मी म्हटलं हो. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवून उठली. मला ती मान पुरली. गोलकमध्ये राणी एकटी जात नाही, तिच्याबरोबर रुगल असते, आणि म्हणून तो निरोप सोसवतो. मी डब्यात एक म्हातारी आणून बसवली. ती कुणी जादूची बाई नाही. तिच्या पदराला भाकर बांधलेली आहे आणि ती पोरीला खिडकीकडची जागा देते. तिला संवाद एकही नाही. पण तिच्या येण्यानं गोष्टीचा तोलच बदलला. पोरीला सोबत मिळाल्यावर भावाच्या मागे राहण्याकडे बघणाऱ्याचं नीट लक्ष जातं.

निरोप कसा दाखवायचा यासाठी मी अजिंठ्याला गेलो. पहूरहून लेणी जवळच. सतरा नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, रंगवलेली आहे. मागेल त्याला देत सुटलेला राजपुत्र, त्याला वनवास, आणि पुढे तो आपली दोन्ही मुलंसुद्धा जुजक नावाच्या ब्राह्मणाला देऊन टाकतो. चित्रकारांनी तिथे चौकटी आखलेल्या नाहीत. तीच माणसं भिंतीवर पुन्हा पुन्हा येतात, आणि एक प्रसंग संपून दुसरा कुठे लागला हे आपल्याला दार, खांब, झाड, वळलेली मान यांवरून कळतं. मंद उजेडात डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. मी हातांकडे बघत होतो. त्या भिंतीवर भावना चेहऱ्यांपेक्षा हातांत जास्त आहेत, बोटं कशी वाकली आहेत, तळवा कुणाकडे वळला आहे. माझ्या गोष्टीचा जीव तर तळव्यातच होता. परत आल्यावर मी निरोपाच्या प्रसंगातला चेहऱ्याचा क्लोजअप काढून टाकला. आता तिथे फक्त दोन हात आहेत. गाडी सरकते, भाऊ खिडकीच्या गजावर हात ठेवतो, पोरगी आतून त्या हातावर तळवा टेकवते, आणि तिला त्याच्या हातात पाणी जाणवतं. घाम. हे मला सुचलं तेव्हा मी फार आनंदलो होतो, कारण तिच्या शक्तीचा उपयोग इथे मारामारीसाठी नव्हता, भाऊ घाबरला आहे हे तिला कळण्यासाठी होता.

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो. एका सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. हातानं काढणारे बरेचदा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. पाच मिनिटांचे तीनशे सेकंद, म्हणजे छत्तीसशे चित्रं. एकट्या माणसानं ती सगळी काढायची ठरवली तर फ्लेक्सचा धंदा बंद करावा लागेल. म्हणून माणसाचे भाग सुटे काढायचे, डोकं, खांदा, कोपर, पंजा, आणि जोडावर हलवायचे. चाकं, धूर, पदराची फडफड एकदाच करून पुन्हा पुन्हा फिरवायची. पूर्ण हातानं फक्त निरोपाचा प्रसंग काढला. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात हातानं चित्र काढायची सोयही आहे. लॅटव्हियाच्या ज्या 'फ्लो' या अॅनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरमध्येच केलेला आहे, त्यामुळे साधनं नाहीत हे कारण आता कुणी सांगू नये. वेळ आणि लाइट या दोनच अडचणी खऱ्या.

खिडकीबाहेरचा मुलुख मात्र मी सावकाश केला. धावत्या गाडीतून जवळचं झरझर मागे जातं आणि लांबचं जवळजवळ जागेवर असतं, म्हणून पडदे एकामागे एक लावून वेगवेगळ्या वेगानं सरकवायचे असतात. सर्वांत जवळ रुळाकडेच्या बाभळी आणि तारेचं कुंपण, त्यांच्यामागे केळीचे बाग, मग उघडी वावरं, आणि सगळ्यात मागे अजिंठ्याचे डोंगर, जे शेंदुर्णी आलं तरी तिथेच असतात. केळीचा हिरवा एकच रंग नसतो. वारा लागला की पान शिरांवरून फाटतं, त्या पट्ट्यांमधून मागचा उजेड पिवळा होऊन येतो. घड कापून झालेलं झाड निराळं दिसतं, त्याची पानं लोंबतात. माझ्या गोष्टीत नदी आटलेली असल्यानं मी सगळा बाग या लोंबत्या पानांचा केला, आणि पोरगी जिथे हात टेकवते तेवढ्याच एका झाडाचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं नवं पान, हिरवागार ठेवला. पडद्यावर तो जेमतेम दोन सेकंद दिसतो. केळीवाल्या शेतकऱ्याच्या नजरेतून तो सुटणार नाही याची मला खात्री आहे.

डब्याचा आतला भागही आठवणीतून भरला. दाराशी दुधाच्या कॅन, त्यांच्या कड्यांना बांधलेला दोर. बाकाच्या कडेला हात लागून लागून गुळगुळीत झालेली जागा. अरुंद डबा, त्यामुळे समोरासमोर बसलेल्यांनी पाय आळीपाळीनं सरळ करायचे. या गाडीत सत्तेचा शिपाई आला तर त्याला आडवं होऊन चालावं लागेल, असं चित्र काढताना लक्षात आलं, आणि तसंच ठेवलं. त्याचं मोठेपण तिथेच कमी होतं, त्यासाठी वेगळा प्रसंग लागला नाही.

आवाज घरचेच. पाणाडी पोर माझी भाची, आणि भाऊ तिचा सख्खा भाऊ. कपाटातल्या गोधड्या काढून खोलीच्या भिंतींना टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि शेतातल्या मोटारी बंद असतील ती वेळ. सुरुवातीला भाची संवाद शाळेतल्या कवितेसारखे म्हणायची. तिला अभिनय शिकवायला गेलो नाही. संवाद अहिराणीत केले, जे ती आजीशी रोज बोलते, आणि भावाला दाराबाहेर उभं केलं. दार लावलेलं, माइक आत. ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "भाऊ, तू कव्हय येशी?" बाहेरून त्यानं उत्तर द्यायचं होतं, ते तो विसरला. ती थांबली, आणि मग खरोखरच काळजीनं तिनं नुसतं "भाऊ?" म्हटलं. ती शांतता आणि ते दुसरं "भाऊ?" मी तसंच फिल्ममध्ये ठेवलं आहे. चित्र नंतर आवाजाप्रमाणे लांबवलं. आवाज आधी आणि चित्र मागून, हा अॅनिमेशनचा नेहमीचा क्रम का आहे ते मला त्या दुपारी पुरतं उमगलं. त्या वेळी तोंडात आलेला श्वास कुठल्याही चित्रकाराला आधी काढता आला नसता.

संगीत थोडंच आहे. सातपुड्याकडचे एक पावरी वाजवणारे बाबा नात्यातल्या लग्नात आले होते, त्यांना विनंती केली. त्यांनी अंगणात बसून वाजवलं आणि मी मोबाइलवर नाही, तर चांगल्या रेकॉर्डरवर घेतलं. पावरीचा सूर दुधी भोपळ्यातून आणि शिंगातून येतो, त्यात वाऱ्याचा एक जाड पदर असतो. लुटारू नदीच्या पात्रात उतरतात तिथे तेवढंच वाजतं. त्यांचे चेहरे मी झाकलेले नाहीत. टाक्या फोडल्यावर पाणी कुठे जातं तेही दाखवलं आहे, एकेका गावच्या आडात. गोलक पाहून मला जे अपुरं वाटलं होतं त्याची भर मी माझ्या परीनं इथे घातली.

आता राहिलं आहे ते गाडीचं. तरंगणारी असली तरी ती पीजे आहे, तिचा आवाज पीजेचाच हवा. इंटरनेटवरचे इंजिनाचे तयार आवाज लावून पाहिले. ते मोठ्या गाड्यांचे आहेत, फार भरीव. पीजेचं हॉर्न बारीक होतं, आणि रुळाच्या सांध्यावरून जाताना डबा दोनदा पटकन आणि मग एकदा उशिरा वाजायचा. पाचोरा, शेंदुर्णी, पहूर, जामनेर भागातल्या कुणी २०२० च्या आधी गाडीत बसून मोबाइलवर शूटिंग केलं असेल, लग्नाला जाताना, कॉलेजला जाताना, तर जुने फोन आणि मेमरी कार्डं एकदा उघडून बघा. चित्र हललेलं असलं, अंधारात काढलेलं असलं तरी चालेल. मला त्यातला फक्त आवाज हवा आहे, आणि ज्याचा असेल त्याचं नाव फिल्मच्या शेवटी मोठ्या अक्षरात येईल.